कोपरे शाबूत

कुत्र्याची राख दाताखाली करकरते. मला विचारा, मी खाल्ली आहे. मुद्दाम नाही, पण खाल्ली. आणि त्या दिवशी जे जे गिळावं लागलं त्यात ती राखच सगळ्यात स्वच्छ होती.

पहिल्यापासून सांगते. मी ड्रिलांना धार लावते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन ग्राइंडर आहेत, एक माझा आणि एक बाबांचा. बाबांनी चाळीस वर्षं इथेच धार लावली, मी त्यांच्या शेजारी उभी राहून शिकले. आई पाकिटांवर मापं लिहायची, कारण बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. अजूनही पाकिटं तीच लिहिते.

हल्ली माझी गिऱ्हाइकं म्हणजे हाताने पेन बनवणारे लोक. ते एक वेगळंच खूळ आहे. लाकडाची नाहीतर प्लॅस्टिकसारख्या रेझिनची कांडी घ्यायची, तिच्यात मधोमध सरळ भोक पाडायचं, आत पितळी नळी बसवायची आणि लेथवर फिरवून गोलाई काढायची. दुकानातलं ड्रिल असतं लोखंडासाठी. ते रेझिनला चावतं, कांडीला तडा जातो आणि पेनवाला तोंड पाडून माझ्याकडे येतो. मग मी त्याच्या कामाप्रमाणे ड्रिल घासून देते. धारेचा चावा किंचित मारते, टोकाचा कोन बदलते, नागमोडी खाच घासून गुळगुळीत करते. असं ड्रिल चावत नाही, शहाण्यासारखं खरवडत जातं. मागे दांड्यावर दोन ठिपके ठोकते, ती माझी खूण.

ह्या पेनवाल्यांतला सगळ्यात नावाजलेला म्हणजे कलमबहाद्दर. हे नाव मीच ठेवलं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, मऊ बोलणारा, अंगावर कायम एप्रन आणि त्या एप्रनवर एक डाग म्हणून नाही. ज्याच्या एप्रनवर डाग नाही त्या कारागिराचं काम दुसरंच कुणीतरी करत असतं, असं बाबा म्हणायचे. मी हसण्यावारी नेलं.

तीन वर्षांपूर्वी तो माझ्या शेडमध्ये आला आणि स्टुलावर बसून म्हणाला, "ताई, नवीन काम सुरू केलंय. लोक आपल्या गेलेल्या माणसाची राख आणून देतात. ती मी रेझिनमध्ये मिसळून कांडी ओततो आणि तिचं पेन करतो. स्मृतिपेन."

"शी!" मी म्हटलं. "म्हणजे कुणाची तरी सासू त्या भोकातून कीस होऊन बाहेर येणार, तुमच्या मांडीवर सांडणार, आणि तुम्ही ती झटकून जेवायला बसणार?"

"तुम्ही पण ना, ताई! लोकांना किती आधार वाटतो. रडतात, पेन छातीशी धरतात."

"धरू देत. मला ओकारी येते."

पण काम काम असतं. अडचण खरी होती. राख म्हणजे शेवटी हाडांचं पीठ. चार पेनं झाली की ड्रिलाचे दोन्ही कोपरे, म्हणजे धार जिथे कडेला संपते ती दोन टोकं, उंदराने कुरतडल्यासारखी व्हायची. तशी ती झिजकी ड्रिलं त्याने माझ्यासमोर ओतली आणि मला चेव आला. किळस गेली खड्ड्यात. सहा महिने मी कोन बदलून बदलून पाहिले. पोलादही बदललं. आणि एक दिवस तो ड्रिल घेऊन आला, म्हणाला, "ताई, वीस पेनं! भिंगातून बघा."

मी बघितलं. कोपरे शाबूत. जसे दिले तसे.

"जादू आहे तुमच्या हातात," तो म्हणाला. त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी भराभरा चढले. येईल त्याला ते ड्रिल दाखवायचे. शेजारच्या शिंपीणबाईचा नवरा गेला तेव्हा तिला मीच त्याच्याकडे पाठवलं. आणखीही सहा-सात जणांना पाठवलं असेल.

बाबा तेव्हा आजारी होते, अंगणात खुर्चीवर बसून असायचे. त्यांनाही दाखवलं. त्यांनी भिंग लावून ड्रिल उजेडात फिरवलं.

"हे कशात मारलंय?"

"राखेत. वीस पेनं."

"हं," बाबा म्हणाले आणि ड्रिल परत दिलं. शेजारी आई लसूण सोलत होती, तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला मत्सर वाटतोय. स्वतःच्या बापाबद्दल मला असं वाटलं, हे मी इथे कबूल करते. लाज वाटते, पण करते.

नंतर बाबा गेले.

महिन्याभराने आई म्हणाली, "ह्यांचं एक पेन करून घे मला."

मी चाचरले. दुसऱ्यांच्या सासवांपर्यंत ठीक होतं.

"किळस कसली त्यात?" आई म्हणाली. "जन्मभर ह्यांचे कपडे मीच धुतले. खिशातून काय काय निघायचं ते तुला माहीत नाही. पाकिटं लिहिताना हातात असतील एवढंच."

त्या पेनासाठी मी बाबांच्या ग्राइंडरवर ड्रिल घासलं. अख्खी सकाळ एका ड्रिलावर घालवली. राख बाबांच्या ड्रिलांच्या पत्र्याच्या डबीत घातली; डबीच्या झाकणाला पोचा आहे, एकदा त्यांच्याच हातून पडून आलेला. कलमबहाद्दरला बजावलं, "ह्या ड्रिलाने फक्त बाबांचं पेन. मग ड्रिल मला परत. डबी पण परत."

"अर्थात ताई," तो म्हणाला आणि छातीवर हात ठेवला. नाटकी मेला.

पंधरा दिवसांनी पेन आलं. गडद निळं, आत रुपेरी धुरासारख्या रेघा. देखणं होतं, खोटं का बोलू? ड्रिलही आलं. डबी तेवढी विसरली म्हणे, पुढच्या वेळी. मी आधी पेन नाही बघितलं, ड्रिल बघितलं. कोपरे शाबूत! भिंग आईच्या हातात कोंबलं. "बघ, बघ ना! बाबांच्या पेनात तीन भोकं, आणि एक ओरखडा नाही."

आईने भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"छान लावलीस धार," म्हणाली.

ते ड्रिल मी काचेच्या पेटीत घालून शेडच्या दाराशी लावलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. खाली चिठ्ठी. आईने त्याच पेनाने लिहून दिली: बाबांच्या पेनाचं ड्रिल. कोपरे शाबूत.

आता कुत्रा.

सुऱ्यांच्या मुठी बनवणारा एकजण माझ्याकडे येतो, मुठीवाला. राक्षसासारखा माणूस, बोलतो ते गल्लीत ऐकू जातं. त्याचा कुत्रा म्हातारा होऊन मेला. पेटीतलं ड्रिल बघून त्याच्या डोक्यात आलं की कुत्र्याची राख घालून स्वतःसाठी एक मूठ करावी. माझ्याकडून तसंच ड्रिल घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी सकाळी परत येऊन टेबलावर आपटलं.

"मावशी, हे काय दिलंत? दोन भोकांत मेलं!"

"तुझा हात वाकडा," मी म्हटलं. "नाचता येईना आणि अंगण वाकडं म्हणतोयस. ह्याच धारेने लोक वीस-वीस पेनं करतात."

"मग तुम्ही मारून दाखवा."

"दाखवते की!"

त्याच्याजवळ उरलेला तुकडा होता, करडा, ठिपक्याठिपक्यांचा. मी नवीन ड्रिल काढलं, माझ्या हाताने घासलेलं, तीच धार, तेच दोन ठिपके. तुकडा पकडीत आवळला आणि मशीन खाली आणलं.

तो आवाज मी तीन वर्षांत ऐकला नव्हता, कारण राखेचं रेझिन मी स्वतः कधी ड्रिल केलंच नव्हतं. मी फक्त धार लावायची आणि कौतुक ऐकायचं. वाळूत वीट घासावी तशी करकर. मशीन कण्हायला लागलं. कीस उडाला आणि माझं तोंड उघडं होतं, कारण मी मुठीवाल्याला अजून अक्कल शिकवत होते. कुत्रा थेट जिभेवर. मी थुंकले, चूळ भरली, परत थुंकले. दाताखाली कण वाजतच होते.

मग ड्रिल भिंगाखाली धरलं. एका भोकात दोन्ही कोपऱ्यांवर पांढरी चकाकी आली होती, म्हणजे धार मरायला लागली. दुसऱ्या भोकानंतर कोपरे गोल.

"बघा!" मुठीवाला म्हणाला. "माझा हात वाकडा ना?"

मी पेटी उघडली आणि बाबांच्या पेनाचं ड्रिल काढलं. शेजारी शेजारी धरली दोन्ही. त्याच्या खाचेत निळ्या किसाचा एक कण अडकला होता, तो सुईने काढून दोन नखांत चुरडला. लोण्यासारखा. करकर नाही, कण नाही, काही नाही. नखावर फक्त रुपेरी चमक राहिली, बायका पापण्यांना लावतात तसली.

"काय झालं, मावशी? तोंड का असं झालं?"

"तू जा आता," मी म्हटलं. "चूक माझी होती. तुझा हात सरळ आहे."

तो बिचारा गेला. माझ्या तोंडून चूक हा शब्द ऐकून घाबरलाच असावा.

मी ते ड्रिल खिशात टाकलं, तशीच उठले आणि कलमबहाद्दरच्या वर्कशॉपला गेले. चालत वीस मिनिटं लागतात. वाटेत स्वतःशीच बडबडत होते की काहीतरी कारण असेल, कदाचित त्याने राख अगदी थोडी घातली असेल, कदाचित बाबांची राखच मऊ असेल. बाबा आणि मऊ!

पुढची खोली तुम्ही पाहिलीत तर पाया पडाल. पांढऱ्या भिंती, मखमलीवर पेनं, कोपऱ्यात रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचं खोकं. तिथे कुणी नव्हतं. मागून लेथचा आवाज येत होता, म्हणून मी पडदा सारून मागे गेले.

मागे लेथखाली तेलाचं थारोळं होतं आणि त्यावर करडी भुकटी पसरली होती, तेल शोषायला. अर्धी ओली, चिखल झालेली. तिच्यावरून पायांचे ठसे गेले होते, दारापर्यंत, मोरीपर्यंत. बाजूला प्लॅस्टिकची बादली, अर्धी भरलेली, त्यात एक फुटका मग खुपसलेला. मी दोन पावलं पुढे टाकली आणि चपलेखाली करकर वाजलं.

तोच आवाज. दातांनी नुकताच ऐकलेला.

मी भिंतीला हात लावून उभी राहिले, आणि हाताशेजारी फळीवर बाबांची डबी. पोचा आलेलं झाकण बाजूला पडलेलं. आत चघळून टाकलेल्या च्युइंग गमचे गोळे. राखाडी, गुलाबी, एकावर एक, प्रत्येकावर दातांच्या खुणा.

"अरे ताई!" त्याने लेथ बंद केला. तोंड हलत होतं त्याचं. चघळत होता. "फोन करायचा ना."

"बाबा कुठे आहेत?" मी विचारलं.

त्याला कळलं. माझ्या हातातल्या डबीकडे बघितलं, मग नको असताना त्याची नजर बादलीकडे गेली.

"ताई, बसा. चिडू नका. राखेने बुडबुडे येतात हो, कांड्या फुटतात. सुरुवातीला मी घालत होतो, शप्पथ. पण रंग मळका येतो, लोकांना आवडत नाही. लोकांना चमक हवी. म्हणून चमकीची पूड घालायला लागलो. त्यांना समाधान मिळतंच ना? मग मी काय हिरावून घेतलं?"

"आणि माणसं तेलावर टाकलीस."

मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे केलं. तोंडात तेच आलं.

"फेकायला जीव होत नव्हता. कचऱ्यात कशी टाकणार? निदान उपयोगात…"

"उपयोगात! थू तुझ्या जिनगानीवर! त्या बाया पुढच्या खोलीत रडतात आणि इकडे तू त्यांच्या नवऱ्यांवरून चालतोस? मोरीत धुतोस?"

"आवाज खाली, ताई." आता त्याचा आवाज मऊ राहिला नाही. "एक विचारू? तुम्हाला कळलं नाही? चाळीस वर्षांची परंपरा सांगता. वीस पेनं, हाडाच्या पिठात, आणि कोपरे शाबूत? कुठल्या पोलादाला जमतं हे? मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही गप्प आहात. तुम्ही तर काचेत लावलंत."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण ह्या चोराची बोंब सरळ होती. बाबांना एका नजरेत कळलं होतं. हे कशात मारलंय, असं विचारलं होतं त्यांनी मला. मी उत्तर दिलं आणि ऐकलं नाही. त्या माणसाची मला किळस आली होती ती आली होतीच, पण सगळ्यात जास्त शिसारी मला त्या हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या बाईची आली.

भिंतीवरच्या पट्टीत माझी अकरा ड्रिलं होती, दोन ठिपक्यांची. मी एकेक काढलं, त्याच्या पकडीत अर्धं आवळलं आणि हातोडीने मोडलं. मोडताना जिवावर आलं, चांगलं काम होतं हो. तो अडवायला आला नाही. हातात हातोडी होती ना. मग गम फरशीवर उपडा केला, डबी पुसली, आणि मगासकट बादली उचलली.

"ती कशाला नेताय? त्यात कोण कुठलं…"

"तेच. तुला सांगता येणार नाही ना, कोण कुठलं? म्हणून."

घरी परत येताना लोक बघत होते. बादली जड होती. पण बादलीपेक्षा पायांनी हैराण केलं. चपलेच्या तळव्याच्या खाचांत तो चिखल बसला होता, प्रत्येक पावलाला लागत होता. दगडावर घासून टाकावा असं वाटलं, आणि लगेच वाटलं, कुणाला घासतेयस? सगळा रस्ता मी टाचांवर चालले, वेड्यासारखी.

दारात चपला काढल्या आणि तिथे ठेवता येईनात. हातात घेऊन आत गेले.

आई टेबलाशी पाकिटं लिहीत होती. निळ्या पेनाने.

"चपला घेऊन आत कशाला आलीस?" तिने विचारलं. मग बादली पाहिली, डबी पाहिली. पेनाचं टोपण लावलं आणि पेन शांतपणे बाजूला ठेवलं. "बस. पाणी पी आधी."

"आई, त्या पेनात…"

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"हे नाहीत त्यात. तू भिंग हातात दिलंस ना, तेव्हाच कळलं. चाळीस वर्षं ह्यांची ड्रिलं पाकिटात घातली मी. वापरलेलं कुठलं आणि कोरं कुठलं, हाताला कळतं." ती थांबली. "आणि हे पण म्हणाले होते मला, ते वीस पेनांचं ड्रिल बघून. पोरगी फसतेय, म्हणाले. सांगणार होते तुला, पण राहून गेलं."

"मग तू का नाही बोललीस? वर चिठ्ठी लिहून दिलीस! महिनाभर ह्या पेनाने लिहितेस!"

"तू किती खूश होतीस," आई म्हणाली. "हे गेल्यापासून पहिल्यांदा तू ह्यांच्या ग्राइंडरवर बसलीस. गुणगुणत होतीस धार लावताना. मी म्हटलं, हे तर गेलेच आहेत. तुझं कशाला घालवू?"

मला रडू आलं आणि रडण्याचाही राग आला. तोंडात अजून तो कुत्रा वाजत होता. आईने आपल्या पदराने माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जास्तच जोरात.

"पेन राहू दे," ती म्हणाली. "चांगलं चालतं, शाई गळत नाही. ते ड्रिल तेवढं काढ काचेतून. ह्यांना लाज वाटली असती."

"काढलंय," मी म्हटलं आणि खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

"उद्या शिंपीणबाईकडे जायला हवं."

"मी जाते."

"दोघी जाऊ."

आईने टेबलावर जुना कागद पसरला. माझी एक चप्पल उचलून उलटी ठेवली, चष्मा नाकावर सरकवला आणि तळव्याच्या खाचांकडे बघत म्हणाली, "सुई मोडेल ह्यात. दे ते इकडे."

मी ड्रिल दिलं. ती एकेक खाच खालपासून वरपर्यंत कोरायला लागली, पाकिटं लिहिते तशीच सावकाश. करडे कण कागदावर पडत होते. तिने ते बोटाने गोळा करून बाबांच्या डबीत सोडले.

"ह्यात बाबा असतील की दुसरंच कुणी, कसं कळणार?" मी विचारलं.

"कुणाचा तरी बाप आहेच ना," आई म्हणाली आणि दुसरी चप्पल ओढली.

ड्रिल खाचेतून पुढे सरकलं की बारीक करकर यायची. बाबांसाठी घासलेल्या त्या ड्रिलाला राख लागली ती तेव्हा, पहिल्यांदा.